ऐपतीतलं लग्न करायचंय, पण घरच्यांना "नाही" कसं म्हणायचं?

सातरस्ता

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतो, लिहितो कमी. आज लिहितोय कारण हे घरात कुणाशी बोलता येत नाही.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. मे महिन्यातली तारीख. मुलगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत, देण्याघेण्याचा शब्दही काढला नाही त्यांनी. अडचण आमच्याच बाजूला आहे. वडील दोन वर्षांपूर्वी साठाव्या वर्षी निवृत्त झाले. पेन्शन नाही. हातात आले ते सगळे मिळून १४ लाख, ते मुदत ठेवीत आहेत. मी सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एका कारखान्यात आहे, हातात ३८ हजार येतात. बायको, एक मुलगी, आईची शुगरची औषधं.

परवा काका आणि आत्याचे यजमान घरी बसले आणि यादी केली. विजापूर रोडला लॉन, ८०० पानं, हळदीला वेगळा मंडप, एलईडी स्क्रीन, ड्रोन, नवरदेवाला उघडी गाडी, वरातीला डीजे. बेरीज ११ लाख. पाच लाख ठेव मोडून आणि सहा लाख मी पर्सनल लोन काढून.

मी म्हणालो, एवढं झेपणार नाही. काका म्हणाले, "एकुलती एक पोरगी आहे. चार लोकांत मान खाली घालायला लावू नको." वडील काहीच बोलले नाहीत. मान खाली घालून यादीकडे बघत बसले होते. तेवढं मला बघवलं नाही.

पैसे कसे वाचवायचे हे मला कळतं. मोठ्या माणसांचा मान राखून, बहिणीचं मन न मोडता हे थांबवायचं कसं? कुणी केलंय का?

हुरडा_जानेवारी

आधी ताईचं अभिनंदन! लग्न ठरल्याची गोष्ट आणि बातमी काळजीची वाटायलीय बघा. बाकीचे येतीलच, मी जागा धरून बसतो.

टेबल_नंबर_४

बँकेत आहे, म्हणून फक्त आकडे मांडतो.

सहा लाख, १४ टक्के, पाच वर्षं. हप्ता साधारण १३,९६० रुपये. पाच वर्षांत भरायचे ८ लाख ३७ हजार, म्हणजे २ लाख ३७ हजार नुसतं व्याज. तुमच्या ३८ हजारांतून हप्ता गेला की २४ हजार उरतात आणि त्यात पाच माणसांचं घर. बहिणीचं पहिलं मूल शाळेत जायला लागेल तेव्हाही तुम्ही तिच्या लग्नाचा हप्ता भरत असाल.

दुसरा आकडा माझ्या मते जास्त महत्त्वाचा. वडिलांना पेन्शन नाही म्हणता. १४ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर तिथे एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के दर आहे. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. दर तीन महिन्यांनी २८,७०० रुपये खात्यावर येतात, म्हणजे महिन्याला साडेनऊ हजार. त्यातले पाच लाख काढले तर महिन्याला सहा हजारांच्या थोडं वर उरतात. थोडक्यात, एका दिवसासाठी वडिलांच्या दर महिन्यातले सुमारे ३,४०० रुपये जातात, आणि ते कायमचे. आईची औषधं कितीची येतात ते बघा आणि काकांना हा आकडा सांगा. "झेपणार नाही" म्हटलं की माणूस वाद घालतो. "आईच्या गोळ्यांचे पैसे जातात" म्हटलं की थांबतो.

आणि एक. ठेव पतसंस्थेत असेल तर आधी ते बघा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही.

बाळीवेस

मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका.

डीजे, ड्रोन, उघडी गाडी हे सोडा, त्याला माझाही विरोध आहे. पण ८०० माणसं म्हणजे देखावा, असं नसतं. तुमच्या वडिलांनी चाळीस वर्षं लोकांच्या लग्नात जेवण केलंय, आहेर घेतलाय, मयताला खांदा दिलाय. त्या माणसांना बोलवायचं नाही का? आमच्याकडे जेवायला बोलावणं म्हणजे नातं चालू आहे असं सांगणं असतं. माझ्या वडिलांनी माझ्या लग्नात माणसं कमी केली आणि एका घराने पुढे दहा वर्षं आमच्याशी बोलणं सोडलं. वडील गेले तेव्हा ते लोक आले आणि उंबऱ्यात उभं राहून रडले. त्या दहा वर्षांची किंमत कुठल्या वहीत मांडायची?

मंडप_आणि_खुर्च्या

बाळीवेस भाऊंचं पटलं. आता धंद्यातला माणूस म्हणून बोलतो. मंडप, खुर्च्या, भांडी हा आमचा दोन पिढ्यांचा व्यवसाय आहे. लोक लग्न लहान करायला लागले तर माझंच नुकसान, तरी लिहायलोय.

माझ्या वहीत थकलेली नावं आहेत, ती बहुतेक मोठ्या लग्नांची. ज्याने दोनशे खुर्च्या आणि साधा मंडप घेतला तो दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब करतो, वर कामाच्या पोरांना जेवायला वाढतो. ज्याने फुलांची कमान परगावहून मागवली, त्याच्याकडे मी सहा-सहा महिने चकरा मारल्यात. ते लोक वाईट नसतात. दारात गेलो की पाणी देतात आणि मान खाली घालतात. लग्नाच्या दिवशी याच माणसाला मी फेटा बांधून नाचताना बघितलेलं असतं. मला पैसे मागायची लाज वाटायला लागते.

आणि ८०० पानं धरली तर ८०० पानं उठत नाहीत. सुपारी फुटली की लोक आकडा वाढवून सांगतात. मे महिन्यात एका दिवशी पाच-पाच मुहूर्ताची लग्नं असतात. माणूस अक्षता टाकतो, आहेराचं पाकीट देतो आणि दुसऱ्या मंडपाकडे पळतो. पाचशे-साडेपाचशे जेवले तरी खूप. उरलेला मसालेभात रात्री कुठे जातो ते आम्ही बघतो, मन विटतं.

पूर्व_भागातली

मी अशोक चौकाच्या पलीकडची. अम्मा विड्या वळायची. दिवसाला हजार विड्या म्हणजे सकाळी पाण्यात भिजवलेली पानं कातरण्यापासून रात्री कट्टे बांधेपर्यंत. मान वर करायला वेळ नसायचा. वडील यंत्रमागावर. आम्ही तिघी बहिणी.

आमच्या अम्माला कुणी काटकसर शिकवली नाही आणि तिने तो शब्द कधी वापरला नाही. ती म्हणायची, "आठवड्याचा पगार आठवड्यात मरतो, म्हणून आधी बाजूला काढायचा." गल्लीतल्या बारा जणींची भिशी होती. तिचा नंबर लागला की पैसे घरात यायच्या आधीच तिने ठरवलेलं असायचं: फी, घराचा हप्ता, छपराचे पत्रे. कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची वसाहत झाली, २००६ साली, सुमारे दहा हजार घरं. आमचं घर तिथलं. सरकारचे पैसे होतेच, पण कामगारांनी आपला हिस्सा भरला होता. तो हिस्सा अम्माने विडीच्या पैशातून भरलाय, हे मी आज नर्स म्हणून नोकरी करताना रोज स्वतःला सांगते.

माझं लग्न त्याच वसाहतीत, घरासमोरच्या रस्त्यावर मंडप टाकून झालं. शेजारच्या बायकांनी पुऱ्या लाटल्या. कुणीही आम्हाला हसलं नाही. हसायला कोण होतं? सगळ्यांचे हात पिठात होते.

सातरस्ता दादा, तुमच्या वडिलांना लोक काय म्हणतील याचं भय नाही असं मला वाटतं. मुलीसाठी आपण काही करू शकलो नाही, हे त्यांना खुपत असेल. त्यांच्याशी एकट्याने बोला. काकांसमोर नको.

ज्वारी_मालदांडी

शेवटचे दोन प्रतिसाद वाचून गप्प बसलो जरा वेळ.

नवी_पेठ_नाका

+१. हसायला कोण होतं, सगळ्यांचे हात पिठात होते. हे वाक्य जपून ठेवतो.

कडक_भाकरी

जरा अवांतर. सोलापूरकराला जपून वापरायचं कुणी शिकवायची गरज नाही असं मला वाटतं. चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात वाढलोय आपण. पिंप, बादल्या, टाकी, शेवटी तांब्यासुद्धा भरून ठेवायचा. भांडी घासलेलं पाणी झाडाला. पुण्याची मामेबहीण आली की नळ सोडून ब्रश करायची आणि आमची आजी कासावीस व्हायची.

खाण्याचंही तसंच. ज्वारीची भाकरी तव्यावर कडक करून ठेवली की महिनाभर राहते. शेंगाची चटणी उखळात कुटलेली, तीही राहते. प्रवासाला निघालेला, शेतात गेलेला, मिलच्या पाळीला गेलेला माणूस यावर दिवस काढायचा. आता तीच कडक भाकरी आणि चटणी पाकिटात घालून परदेशात जायलीय. गरजेपोटी शोधलेली गोष्ट चवीची निघाली, याचा मला फार अभिमान आहे.

हुरडा_जानेवारी

@कडक_भाकरी, महिनाभर राहते हे आमच्या घरात सिद्ध करता आलेलं नाही. तिसऱ्या दिवशी डबा रिकामा असतो :)

चिमणीच्या_सावलीत

मी मिल कामगाराचा मुलगा. आता वय ५८.

आमच्या गावात जुनी मिल १८७७ साली सुरू झाली, पाठोपाठ आणखी मिल आल्या. भोंग्यावर गाव उठायचं आणि जेवायचं. मिलमध्ये नोकरी म्हणजे मुलगी द्यायला लोक रांगेत. वडिलांचा पगार ठरलेल्या तारखेला यायचा, त्यामुळे दुकानदार वहीवर वाटेल तेवढं द्यायचे. घड्याळ, रेडिओ, टेरिलीनचं कापड, सगळं उधारीवर. गल्लीत कुणाकडे पहिला टीव्ही येतो यावर बायकांत बोलणी व्हायची.

नव्वदीत वडिलांची मिल बंद पडली. मी तेव्हा कॉलेजात. सकाळी भोंगा वाजला नाही आणि लोक दारात येऊन उभे राहिले, एकमेकांकडे बघत. पुढच्या दोन वर्षांत मी जे बघितलं ते विसरणार नाही. आमच्या शेजारी दोघे भाऊ होते, एकाच खात्यात, एकाच पगारावर. एकाने थोरल्या मुलीचं लग्न असं केलं होतं की चार पेठांत नाव झालं. दुसऱ्याने तेवढ्याच पैशात बाळे गावाकडे दीड गुंठा जागा घेऊन ठेवली होती, त्याला लोक चिकट म्हणायचे. मिल बंद झाल्यावर पहिल्याची भांडीसुद्धा मोडीत गेली. दुसऱ्याने त्या जागेवर पत्र्याचं शेड टाकून दोन माग लावले आणि भावालाच कामाला घेतलं. थोरला धाकट्याच्या शेडमध्ये माग चालवायचा. दोघेही भले होते, एकमेकांना कधी टोचून बोलले नाहीत. पण थोरल्याची मान मात्र तेव्हापासून तुमच्या वडिलांसारखी झाली, यादीकडे बघणारी.

गाडगेबाबा कीर्तनातून हेच सांगत फिरले, कर्ज काढून सण-समारंभ करू नका, पोरं शिकवा. शाळा न शिकलेल्या माणसाला जे दिसलं ते आपल्या पदवीवाल्यांना दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तुमचा कारखाना उद्या चालूच राहील असं धरून सहा लाखांची सही करू नका. माझं एवढंच म्हणणं आहे.

माहेर_मंगळवेढा

एक मुद्दा राहून जातोय म्हणून लिहिते. "खर्च कमी करा" म्हटलं की पहिली कात्री बाईच्या दागिन्याला लागते. सगळ्या धाग्यांवर बघितलंय.

सोनं आणि ड्रोन यांना एका रांगेत बसवू नका. माझ्या आजोळी १९७२ च्या दुष्काळात आजीच्या पाटल्या गहाण पडल्या आणि घर जगलं. पुढे सोडवल्या. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्री अकरा वाजता माझ्याकडे गहाण ठेवण्यासारखं जे होतं ते माझ्या गळ्यातलं होतं, बँकेचा माणूस त्या वेळी नव्हता. बाईच्या नावावर घर नसतं, शेत नसतं. तिच्या अंगावरचं तिचं असतं.

म्हणून स्क्रीन आणि डीजेचे पैसे वाचवा आणि त्यातले थोडे तिच्या नावावर ठेवा. सोनं घ्यायचं तर हॉलमार्क बघून, घडणावळ कमी असलेलं घ्या. वजनाच्या बांगड्या घ्या, खड्यांचे हार नकोत, मोडताना खड्यांचे पैसे कुणी देत नाही.

टेबल_नंबर_४

@माहेर_मंगळवेढा, पूर्ण सहमत. आमच्याकडे सोनेतारण कर्जाला येणाऱ्या बहुतेक बायका पेरणीसाठी, फीसाठी किंवा दवाखान्यासाठी येतात.

जुळे_सोलापूर_ब्लॉक_३

सोनं ठीक. पण ते "तिच्या नावावर" राहतं का प्रत्यक्षात? सासूच्या कपाटात जातं. त्यापेक्षा तिच्या एकटीच्या खात्यात ठेव.

माहेर_मंगळवेढा

हेही खरं आहे. दोन्ही करा, पण किल्ली तिच्याकडे द्या.

पुण्यात_आहे_सध्या

मी माझं लिहितो. घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही.

चार वर्षांपूर्वी सोलापुरात घर बांधलं. गृहकर्ज झेपत होतं. वास्तुशांतीला मात्र मित्रांनी बघावं म्हणून हात सैल सोडला. फर्निचर कार्डावर घेतलं. नवा फोन हप्त्यावर, तोही "बिनव्याजी". गाडी बदलली. कार्डाचं बिल ५० हजार आलं की मी किमान रक्कम, अडीच हजार, भरायचो आणि समाधानाने झोपायचो. त्या अडीच हजारांतले दोन हजारांवर व्याज आणि त्यावरच्या करातच जात होते हे मला वर्षाने कळलं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज असतं तिथे. मग ते फेडायला दुसरं कार्ड, मग फोनवरच्या एका ॲपवरून कर्ज. त्या ॲपवाल्यांनी माझ्या फोनमधल्या नंबरांवर फोन करायला सुरुवात केली. माझ्या मुलाच्या वर्गशिक्षकांना फोन गेला. त्या दिवशी मी सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर तीन तास बसून होतो.

वडिलांना सांगितलं. त्यांनी एक शब्द न बोलता होटगी रोडचा प्लॉट विकला. तो त्यांनी माझ्या बहिणीसाठी ठेवला होता. आता पुण्यात दोन खोल्यांत राहतो, घर भाड्याने दिलंय, बहिणीचे पैसे दर महिन्याला तिच्या खात्यात टाकतो. अजून २६ हप्ते आहेत.

वास्तुशांतीला आलेल्या चारशे लोकांपैकी मला आज फर्निचर आठवणारा एक माणूस दाखवा. सातरस्ता, तुम्ही सही केलेली नाही अजून. माझ्याकडे ती संधी नव्हती असं नाही, मी ती घेतली नाही.

पूर्व_भागातली

@पुण्यात_आहे_सध्या दादा, लिहिलंत हे फार मोठं केलंत. २६ चे २५ होतील, मग २४. आम्ही मोजू तुमच्याबरोबर.

मंडप_आणि_खुर्च्या

वडील काही बोलले नाहीत हे वाचून डोळ्यात पाणी आलं भाऊ.

कट्ट्यावरचा_शरण

उशिरा आलो. गावातल्या सगळ्यात मोठ्या लग्नाचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

दर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा हट्ट कुंभारकन्येने धरला आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावायला संमती दिली, ती ही गोष्ट. लाखो लोक येतात. सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, येतात. ते पेलणारे आणि त्यांच्यासोबत चालणारे सगळे पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंदांच्या अंगरख्यात. कारखानदार आणि हमाल शेजारी उभे असले तरी कपड्यावरून ओळखता येत नाहीत. मला लहानपणापासून त्या पांढऱ्या रंगाचं फार वाटतं. एवढं मोठं लग्न आपल्या गावात दर वर्षी लागतं आणि तिथे कुणी कुणाचं कापड बघत नाही.

दुसरं, शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतल्या संतांच्या, शिकवणीत कायक आणि दासोह हे दोन शब्द जोडीने येतात. कष्ट करून मिळवा आणि मिळालेलं वाटून खा. आपल्या तळ्याचं कामही सिद्धरामेश्वरांनी भक्तांच्या श्रमातून उभं केलं. म्हणून मला "पैसे वाचवा" एवढंच अपुरं वाटतं. कुलूप लावून ठेवायला वाचवणारा माणूसही एकटाच पडतो. बाळीवेस भाऊ म्हणतात तशी पंगत बसू दे, जेवण मनापासून वाढा. पंगतीत माणूस जेवतो. स्क्रीनवर कोण जेवतं?

बाळीवेस

@शरण, माझ्या मनातलं मला सांगता आलं नव्हतं ते तुम्ही लिहिलंत.

पार्क_चौक

चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात त्याबद्दल पण बोला कुणीतरी. माझ्या भाच्याने बारावीच्या फीचे दोन हजार फ्लेक्सला दिले. दोन दिवसांत वाऱ्याने फाटला. ताईने तो फाटका फ्लेक्स शेळीच्या गोठ्यावर टाकलाय, पावसाचं पाणी येत नाही आता.

मीठ_भाकर

पूर्ण धागा वाचला. सातरस्ता, एक विचारते. काका आहेत, आत्याचे यजमान आहेत, वडील आहेत, तुम्ही आहात. बहिणीला कुणी विचारलं का, तिला काय हवंय?

सातरस्ता

नाही विचारलं.

हे लिहिताना कसं वाटतंय सांगता येत नाही. "बहिणीचं मन न मोडता" असं मीच वर लिहिलंय आणि तिचं मन काय आहे हे मला माहीत नाही. उद्या विचारतो.

न्यायालय_परिसर

विचाराल तेव्हा नोंदणी विवाहाचाही पर्याय तिच्यासमोर ठेवा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने करायचं तर नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं आणि तीन साक्षीदार लागतात. मे गाठायचा तर आत्ताच हालचाल हवी. आणि समोरचे लोक काही मागत नाहीत म्हणालात, तसंच राहू द्या. १९६१ च्या कायद्याने हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे. "हौसेने दिलं" म्हणत काका गाडीबिडी यादीत घालत असतील तर तेही थांबवा.

सातरस्ता

नऊ दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले.

आधी वडिलांशी बोललो, एकट्याने, पूर्व_भागातली ताईंनी सांगितलं तसं. सकाळी फिरायला निघाले तेव्हा बरोबर गेलो. कंबर तलावाजवळ बसलो आणि ३,४०० रुपयांचा हिशेब सांगितला. ते म्हणाले, "मला माहीत आहे रे. पण मी आयुष्यभर तिला दुसऱ्याच्या मुलीसारखा फ्रॉक आणू शकलो नाही. एकदा तरी म्हटलं." मी काही बोलू शकलो नाही. आम्ही दोघं तसेच परत आलो.

संध्याकाळी बहिणीला विचारलं. ती आधी बराच वेळ हसली, मग रडली. तिला सगळं माहीत होतं, यादीसुद्धा तिने वाचली होती. म्हणाली, "सहा लाखांचं कर्ज काढून केलेल्या लग्नात मी उभी राहू शकणार नाही." मग तिने स्वतःची यादी काढली, वहीच्या मागच्या पानावर केलेली. तीनशे माणसं. सकाळचा मुहूर्त. पंगत बसवायची, बुफे नको. आजीची पैठणी रफू करून नेसायची. फोटो मात्र चांगले हवेत, त्यात काटकसर नको. हे ऐकून मला फार बरं वाटलं, तिला काहीतरी हवं आहे म्हणून. तिने स्वतःच्या पगारातून ७० हजार साठवलेत, तेही तिने समोर ठेवले. ते मी घेतले नाहीत, तिच्याच नावावर ठेव करतोय. वडिलांना मी सांगितलं की फ्रॉकचं तिला आठवतही नाही. तिने मला चूक ठरवलं. म्हणाली, आठवतं, आणि बाबांनी त्या वर्षी माझी सायकल घेतली तेही आठवतं.

मुलाकडच्यांना फोन वडिलांनीच केला. मुलाचे वडील मोकळेपणाने म्हणाले, आम्हालाही वरातीचं ओझं होतं, बोलायला संकोच वाटत होता. डीजे दोन्हीकडून रद्द.

सगळं गोड झालं असं नाही. लॉनवाल्याला काकांनी ३० हजार आगाऊ दिले होते, ते परत मिळत नाहीत. काका बोलत नाहीत माझ्याशी. त्यांच्या घरी दोनदा गेलो, काकूंनी चहा दिला, ते आतल्या खोलीतून आले नाहीत. त्यांनी लहानपणी मला खांद्यावर बसवून गड्डा दाखवलाय. तिसऱ्यांदा जाणार आहे. ३० हजार त्यांच्या खिशातले होते, ते मी महिन्याला पाच हजार असे देणार आहे, घेवोत न घेवोत.

आता खर्च ३ लाख २० हजारांत बसतोय. १ लाख १० माझ्याकडे आहेत, उरलेले वडिलांच्या ठेवीतून. कर्ज शून्य.

चिमणीच्या_सावलीत

काकांकडे जाताना पत्रिका घेऊन जा आणि निमंत्रक म्हणून त्यांचं नाव वडिलांच्या शेजारी छापा. अक्षता वाटायचं काम त्यांना द्या. मान मिळाला की माणूस येतो.

बाळीवेस

आणि तीनशेत जे बसत नाहीत त्यांच्या घरी पत्रिका नको, स्वतः वडील आणि तुम्ही पेढे घेऊन जा. लग्नानंतर जोडप्याला घेऊन जा. कुणी रागावणार नाही.

सातरस्ता

दोन्ही करतो. आहेराचं एक विचारायचं होतं. पाहुण्यांना काही द्यायचं म्हटलं तर मानाच्या पंचवीस घरांना सोलापुरी चादर द्यावी असं आईचं म्हणणं आहे. कुणाला अंदाज आहे का?

पूर्व_भागातली

चादरच द्या. घरात वीस-वीस वर्षं राहते, आमच्याकडे वडिलांच्या हातची अजून आहे. दुकानात जाण्याआधी पूर्व भागात एखाद्या कारखान्यावर जाऊन बघा, तिथेच घेतलेल्या बऱ्या पडतात. सूत शंभर टक्के कॉटन आहे का ते विचारा आणि वजन करून घ्या. आमच्या ओळखीत एक आहेत, खासगी निरोप करते.

मंडप_आणि_खुर्च्या

मुहूर्त सकाळचा घेतलात ते उत्तम. मे महिन्यात आपल्याकडे ४२-४३ अंश असतं, दुपारी लॉनवर म्हाताऱ्या माणसांना उभं राहवत नाही. मुहूर्त कितीचा? पंगत बारापर्यंत उठली पाहिजे. मठ्ठा दीडपट सांगा. आणि पाण्याचे जार आजच सांगून ठेवा, ऐन मेमध्ये जारवाले फोन उचलत नाहीत.

सातरस्ता

१०:४२ चा. जार सांगितले. तुमच्याकडे तीनशे खुर्च्या असतील ना त्या तारखेला?